इंदूकाकीची पारख

इंदूकाकी मला कधीच आवडली नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर असलं काही लिहायला बसलं की पेन आपोआप मऊ होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, बाई तोंडाने फटकळ पण मनाने लोण्यासारखी असणार. तशी ती नव्हती. तोंडाने फटकळ होती आणि मनाने त्याहून फटकळ होती. जामसंड्याला आमच्या दोघांच्या घरांमध्ये चिऱ्यांचा एक गडगा, म्हणजे दगडांचा बुटका बांध, होता. त्या गडग्याच्या अलीकडून मी तिला अर्धं आयुष्य पाहिली. त्यातली बरीचशी वर्षं आम्ही बोलत नव्हतो. ज्या वर्षांत बोलत होतो ती जास्त वाईट गेली.

अंगाने किरकोळ बाई. नऊवारी नाही, पण सहावारीच अशी काही घट्ट खोचलेली की आता भांडायलाच निघाली आहे असं वाटावं, आणि बहुतेक वेळा ती निघालेलीच असे. नवरा बोटीवर होता. बोटीवर काय होता हे कोणी विचारलं तर ती पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, "बोटीर होते," एवढंच सांगायची. तो लवकर वारला. मागे स्लॅबचं घर, दारातली आंब्याची थोडी कलमं, एक विहीर आणि प्राची नावाची मुलगी ठेवून गेला. मुलगी नर्स झाली आणि आमच्याच सरकारी दवाखान्यात लागली. दवाखान्यासमोर माझं औषधांचं दुकान. त्यामुळे आई घरी आणि मुलगी कामावर, अशा दोन्ही ठिकाणी हे कुटुंब माझ्या वाट्याला आलं होतं.

काकीचा मुख्य उद्योग म्हणजे माणसांची पायरी ठरवणं. "माणूस नदरेक पडलो की माका तेची पायरी कळता," असं ती म्हणायची, आणि त्या पायरीप्रमाणे तिच्या घरात बसायची जागा ठरायची. गडीमाणसं खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात. तिथे कान तुटलेल्या कपातून चहा मिळे आणि तो कप ज्याचा त्याने धुऊन उपडा घालायचा. त्यावरची माणसं पडवीत, स्टीलच्या पेल्यातून. बँकेचा मॅनेजर, वकील, मुंबईत स्वतःची जागा असलेले पाहुणे, हे हॉलमध्ये, कपबशीतून. आणि अगदीच कोणी मोठा असला तर आत टेबलावर. तिथे नवऱ्याने परदेशातून आणलेले सोनेरी काठाचे कप निघत. वायरमन खळ्यातला होता, पण वीज गेलेली असली की तेवढ्यापुरता पडवीत यायचा. शाळेचे हेडमास्तर बरीच वर्षं हॉलमधले होते. ते निवृत्त झाल्यावर पुढच्या खेपेला भेटायला आले तर काकीने त्यांना पडवीतली खुर्ची दाखवली. बिचारे चहा न पिताच गेले.

मी पडवीतला. शिकलेला म्हणून खळ्यात नाही, आणि गोळ्या विकतो म्हणून हॉलमध्ये नाही. "डॉक्टर जावक नाय तो दुकानदार झालो," हे तिने माझ्या बायकोला माझ्यासमोर सांगितलं होतं. माझ्या फणसाची एक फांदी गडग्यापलीकडे गेली होती. तिच्या बाजूला पडलेला फणस ती ठेवून घ्यायची, आणि सगळं खाऊन झालं की चारखंडं, म्हणजे त्याच्या काटेरी साली, माझ्या अंगणात भिरकावायची. मी एकदा बोललो. तर म्हणाली, "झाड तुझा, कचरो तुझो."

तिच्या पारखीला तडा गेला तो आप्पांमुळे.

आमच्याकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण बाहेरचा वाचणारा असेल तर सांगतो. देवगड-जामसंड्याकडे ज्याची कलमं मोजताना जीभ दुखावी असा माणूस हंगामात बहुधा फाटक्या बनियनमध्ये दिसतो. फवारणीचं औषध, झाडाचा चीक, काट्याकुट्यातून फिरणं, यात चांगला कपडा घालून जाणं म्हणजे कपडा फुकट घालवणं. पुन्हा चोरांच्या भीतीने मालकच बागेतल्या मांगरात, म्हणजे अवजारं ठेवायच्या त्या खोपटवजा घरात, जाऊन झोपतो. तर असेच एक आप्पा. मोठे बागायतदार. एके दिवशी चालता चालता तहान लागली म्हणून काकीच्या दारात उभे राहिले. गुडघ्यावर ठिगळ असलेली हाफपँट आणि हातात कोयता. काकीने त्यांना खळ्यात बसवलं, तुटक्या कपात चहा दिला आणि वर म्हणाली, "आता बसलंच आसंस तर तेवढो पातेरो झाडून जा." आप्पांनी शांतपणे सगळा पाचोळा झाडला, कप धुतला, उपडा घातला आणि गेले.

नंतर शाळेच्या नव्या वर्गाचं उद्घाटन झालं, तेव्हा देणगीदार म्हणून व्यासपीठावर तेच. काकी पहिल्या रांगेत. भाषणात आप्पा म्हणाले, "या वाडीत माझो खूप मान झालो. एका घरचो खळो झाडूक मिळालो." नाव घेतलं नाही, पण त्यांची नजर पहिल्या रांगेवर होती. सबंध मंडप वळून बघायला लागला. मी इतका हसलो की बायकोने मला कोपराने ढोसलं.

दुसरी कोणी असती तर पायऱ्या मोजणं सोडून दिलं असतं. काकीने फक्त मोजपट्टी उलटी केली. त्या दिवसापासून तिचा नवा सिद्धांत असा की जो फाटका तोच पैसेवाला, आणि इस्त्रीचे कपडे घालतो तो हमखास कोणाचा तरी ड्रायव्हर. "खरो बागायतदार कधी कबूल करूचो नाय," असं ती आता मलाच शिकवायला लागली. जणू आप्पांना तिनेच शोधून काढलं होतं.

आणि नेमक्या त्याच सुमाराला तिच्या घरामागची मोठी बाग विकली गेली. घेणारा मुंबईचा कोणी, यापलीकडे वाडीत कोणाला काही ठाऊक नव्हतं. काही दिवसांनी तिथल्या मांगरात एक तरुण राहायला आला.

तो पहिल्यांदा काकीच्या विहिरीवर आला तेव्हा मी गडग्याचा पडलेला चिरा बसवत होतो. शर्टाला कॉलर नव्हती, पाय अनवाणी, आणि डाव्या हातावर चीक उडून भाजल्याचे काळे डाग. "काकी, मांगराचो पंप जळलोहा. एक कळशी पाणी भरू?" असं त्याने विचारलं.

काकीने त्याला खालपासून वरपर्यंत बघितला.

"नाव काय तुझा?"

"संदेश."

"मूळ खंयचो?"

"वेंगुर्ल्याकडचो."

"आणि हयसर बाग कोण बघता?"

"मीच बघतंय सगळा. राखणदार आसंय."

काकी हसली. तिला असं खुशीत हसताना मी कितीतरी वर्षांनी बघत होतो. "राखणदार! बरा, बरा. येवा राखणदारानू, आत येवा." तो पडवीच्या कडेला टेकायला लागला तर तिने दंडाला धरून त्याला आत नेला, आणि थोड्या वेळाने आतून सोनेरी काठाच्या कपबशांचा किणकिणाट ऐकू आला. तो कप मला उभ्या जन्मात दिसला नव्हता. मी चिरा पायावर पाडून घेतला.

दोन-चार दिवसांनी संदेश माझ्या दुकानात भाजल्यावरचं मलम घ्यायला आला. पैसे देऊन झाल्यावर जरा घुटमळला. "काका, तुमची शेजारीण डोक्यान बरी आसा मां?" त्याने काळजीने विचारलं. मी म्हटलं, का रे? तर म्हणाला, "माका रोज जेवक बोलयतत. मी सांगतंय, मी पगारी माणूस. तर हसतत आणि माशाची आणखी एक तुकडी वाढतत."

हे थांबवावं असं मला प्रामाणिकपणे वाटलं. काकीच्या प्रेमाखातर नव्हे, त्या पोराच्या. म्हणून मी गडग्यावरून तिला हाक मारली आणि सांगितलं, "काकी, तो खराच राखणदार आसा. पगारार रवता."

"तुका तसा सांगूक तेनाच सांगल्यान आसतला," ती म्हणाली. "माणसा ओळखूक अक्कल लागता. तू गोळये वीक."

त्यानंतर तो जे बोलेल ते पुरावा ठरायला लागलं. आपल्याला पापलेटापेक्षा तारली आवडते म्हणाला, तर काकी म्हणे, मोठ्या घरात वाढलेल्याला मोठ्या माशाचं अप्रूप नसतं. खताची पोती आणायला मालकाची जीप घेऊन गेला, तर म्हणे, स्वतः गाडी चालवतो, डायवराची मिजास नाही. आणि एकदा तिने त्याच्या आईची चौकशी केली. तो म्हणाला, "आवस वेंगुर्ल्याक काजूच्या कारखान्यात आसता." काकीने संध्याकाळपर्यंत वाडीभर केलं की कारखाना त्यांचाच आहे.

आता प्राचीबद्दल. प्राची आईची मुलगी होती, म्हणजे जीभ आईचीच. फक्त ती खऱ्या गोष्टीसाठी वापरायची. दवाखान्यात दारू पिऊन आलेल्यांना ती एकटी आवरायची. तिची तिशी उलटली होती. स्थळं येत होती आणि काकीच्या पारखीत नापास होऊन जात होती. एकाच्या वडिलांची टपरी होती. एकाच्या चपलेला टाके होते. एकाने पोहे दोनदा मागून घेतले. आप्पांच्या प्रकरणानंतर तर उलटंच सुरू झालं. कडक इस्त्रीचा शर्ट घालून आलेला बँकेतला एक चांगला मुलगा काकीने ड्रायव्हर ठरवून वाटेला लावला. प्राचीला आपला संसार हवा होता. तसं ती लाजत मुरकत नाही, माझ्या काउंटरवर कोपर टेकून सरळ बोलायची. "काका, मी हयच म्हातारी होतलंय. आवशीच्या बाजूक खुर्ची टाकून, येणाऱ्या-जाणाऱ्याची चपला बघीत." हे बोलताना ती हसत नव्हती.

संदेश रोज आपल्या घरी जेवतो हे कळल्यावर तिने त्याला विहिरीवरच गाठला. मी गडग्याच्या अलीकडे होतो आणि हलायचं मला काही कारण नव्हतं.

"फुकटचा गिळतंस, लाज नाय तुका?"

"आसा. म्हणान तर रोज खरा सांगतंय. तुझी आवस आयकणा नाय."

"मगे जेवक येतंस कित्याक?"

"नाय इलंय तर डबो घेवन ती मांगरात येता. काल वाटेर कुत्रो पाठी लागलो होतो. पडात-बिडात खंय, म्हणान मीच येतंय."

प्राचीने त्याची अर्धी कळशी काठोकाठ भरली.  मग ती म्हणाली, "मी सांगतंय तिका. बघूया." तिने त्याच रात्री आईला सांगितलं. काकीचा आवाज गडग्यापलीकडून स्पष्ट आला, "तू गप. तुका इंजेक्शना टोचूची अक्कल आसा, माणसांची नाय."

तेव्हा दोघांनी मिळून काकीला खरं पटवायची मोहीमच काढली. संदेश डोक्यावर टोपली घेऊन खळ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "काकी, कायव काम आसल्यास सांगा. मजुरी दिल्यात तर बरा." काकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ गो प्राची, कामाची लाज म्हणान नाय. ह्येका म्हणतत घराणा." त्याने लाकडं फोडली, तर ती कोकम सरबताचा पेला धरून शेजारी उभी. प्राचीने त्याला शिकवलं की ढेकर दे, अंगठा दाखवून सही येत नाही म्हण. त्याने ढेकर दिला. काकी म्हणाली, "पोट भरला मां? बरा झाला." सही येत नाही म्हटल्यावर तर ती माझ्याकडे वळून विजयाने म्हणाली, "हेंच्या सह्यो मुनीम करतत."

दोघं एकमेकांवर भयंकर चिडायची. ती म्हणे, तुला गरीबसुद्धा नीट होता येत नाही. तो म्हणे, मी गरीबच आहे, आणखी कसा होऊ? विहिरीवर रोज भांडण. मग भांडण झालं नाही त्या दिवशी दोघांचे चेहरे पडलेले. एकदा मी ऐकलं, ती म्हणत होती, "माका तुझो राग येता."

"आता काय केलंय?"

"आजवर माका बघूक जे इले, ते सगळे फुगवून सांगीत इले. तू एकटो खरा सांगतंस, आणि तुझाच खरा वाटणा नाय कोणाक."

"तुका वाटता मां?"

ती कळशी उचलून आत गेली. मी बायकोला हाक मारली आणि म्हटलं, झालं, ही पोरगी गेली.

पुढे काकीनेच मांगरात जाऊन लग्नाचं काढलं. संदेशने तिला समोर बसवून, मला आणि प्राचीला साक्षीला ठेवून सांगितलं, "काकी, माझ्या नावार एक कलम नाय. जमीन नाय. माका पगार आसा आणि आवस आसा. तरी चलात?" काकी म्हणाली, "चलात रे. तुका असाच बोलूक होया." प्राचीने कपाळावर हात मारून घेतला. पण नाही म्हणाली नाही. आम्ही तिघांनी खरं सांगायचं तेवढं सांगून झालं होतं.

साखरपुडा काकीच्या घरी. वेंगुर्ल्याहून संदेशची आई आली. शांत बाई, सुती पातळ. काजू फोडून फोडून, त्याच्या तेलाने तिची बोटं कोळशासारखी काळी पडलेली. काकीने तिला मानाच्या पाटावर बसवलं आणि जमलेल्या बायकांना ती बोटं उचलून दाखवली. "बघा. कारखान्याची मालकीण, पण हातान काम करता. नायतर आमच्याकडची, चार कलमा झाली की वाकूक होणा नाय." त्या बाईला काय चाललंय ते कळेना. तिने हात पदराखाली घेतले.

मी नेहमीप्रमाणे पडवीत. त्यामुळे खळ्यात उतरलेला पाहुणा मला सगळ्यांआधी दिसला. साठीचे गृहस्थ, पांढरा कडक शर्ट, चकचकीत बूट, हातात पेढ्यांचा खोका. दारात आलेल्या काकीकडे बघून शुद्ध शहरी मराठीत म्हणाले, "संदेशचा साखरपुडा इथेच ना?" काकीने बुटांकडे एकदा बघितलं आणि निकाल दिला. "थयसर खळ्यात बस. च्या धाडतंय." गृहस्थ गोंधळले, पण बसले कपडे धुवायच्या दगडावर. तुटका कप त्यांच्याकडे गेला आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी सांभाळून धरला. मी ओळखलं काय होणार ते. आणि खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता.

चहा संपवून त्यांनी कप कुठे ठेवायचा म्हणून इकडेतिकडे पाहिलं, तेवढ्यात संदेश बाहेर आला. "साहेब! तुम्ही बाहेर का बसलात?"

"रवांदे रे तेका थय," काकी आतून ओरडली. "डायवर माणूस. जेवण भायरच देवया."

"काकी, हे मालक."

"कसले मालक?"

"बागेचे."

गृहस्थ उठून उभे राहिले. मुंबईतले डॉक्टर होते ते, फार सभ्य माणूस. आपल्यामुळे काही बिघडलंय हे त्यांना कळलं आणि ते सावरायला ते बोलायला लागले, म्हणजे अजून बिघडवायला लागले. "संदेश आमचा राखणदार. पण मी त्याला नोकर मानत नाही हं. इतका विश्वासाचा मुलगा नाही मिळणार तुम्हाला."

 काकी दारात येऊन उभी होती. ती आता घेरी येऊन पडेल किंवा निदान हसून वेळ मारून नेईल असं मला वाटलं. ती वळली, आत गेली आणि पाटावर बसलेल्या त्या बाईसमोर जाऊन उभी राहिली.

"उठ," ती म्हणाली. "काळे हात घेवन माझ्या पाटार बसलंस? उठ."

संदेशची आई उठली. सावकाश, गुडघ्यावर हात देऊन. "बाये, हात काळे आसत ता मी खंय लपयलंय?" एवढंच म्हणाली.

मला इंदूकाकीचा राग अनेकदा आला होता. पण त्या वेळी जो आला तो आजतागायत उतरलेला नाही. फणसाच्या चारखंडांचा राग वेगळा. इथे एका म्हाताऱ्या बाईने कोणाचं काही बिघडवलं नव्हतं. बोलावली म्हणून आली होती, बस म्हटलं म्हणून बसली होती. मला आत जाऊन काकीला गदागदा हलवावं असं वाटत होतं, आणि मी नुसताच पडवीच्या खांबाला धरून उभा होतो.

प्राची म्हणाली, "आये, पयल्या दिसापासून तो तुका हेच सांगीत होतो."

"सांगतले सगळेच. मी कोणाचा आयकलंय आजपर्यंत?"

एवढ्यातही कोणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्याने काकी जास्तच पेटली. "हेच्यावांगडा गेलंस तर माका आवस म्हणा नको. ह्या घरात पाय ठेवूचो नाय."

प्राची पुढे झाली. तिने संदेशच्या आईचा हात पदराखालून काढून आपल्या हातात घेतला. "चला आई," म्हणाली, आणि दोघी खळ्यातून उतरून गेल्या. मागून संदेश, आणि त्याच्या मागून पेढ्यांचा खोका तसाच हातात घेतलेले डॉक्टर.

लग्न ओरोसला नोंदणीने झालं. मुलीच्या बाजूने साक्षीदार मी. ते काकीला कळलं तेव्हा तिने गडग्यावर करवंदीच्या काटेरी डहाळ्या रचल्या आणि आमचं उरलंसुरलं बोलणंही बंद केलं. प्राची आणि संदेश देवगडच्या रस्त्याला दोन खोल्यांत राहायला लागली. पुढच्या हंगामात संदेश काकीच्या फाटकाशी आंब्यांची पेटी ठेवून गेला. काकीने ती उचलून डहाळ्यांवरून माझ्या अंगणात ढकलून दिली. "तुझ्या जावयाचे आंबे तूच खा," असं वर म्हणाली. मी खाल्ले. चांगले होते. त्याच्या पुढच्या हंगामातही असंच झालं.

तिच्याकडे येणारं-जाणारं कोणी उरलं नाही. ज्यांना ती खळ्यात बसवायची ते यायचे थांबले, आणि हॉलमधल्यांनी तो साखरपुडा पाहिला होता. संध्याकाळी ती पडवीत बसलेली दिसे. रस्त्याने कोणी गेलं तर मान वर करी, आणि पुन्हा खाली घाली. माझी बायको म्हणायची, जाऊन बोला. मी गेलो नाही. दोन वर्षं प्राची रोज माझ्या दुकानासमोरून दवाखान्यात जात होती. आई कशी आहे, असं तिने मला एकदाही विचारलं नाही. काकीचं अंगण झाडलेलं आहे का, एवढं मात्र ती विचारायची. मी हो म्हटलं की ती जायची.

मग मला ब्लडप्रेशर निघालं. आयुष्यभर लोकांना ज्या गोळ्या दिल्या त्या आता मलाच लागणार, म्हणून सोमवारी दवाखान्याच्या रांगेत बसलो. तेव्हा पाहिलं तर माझ्या पुढे इंदूकाकी. मी तिला कधी साधी सर्दी झालेली पाहिली नव्हती. इतक्या वर्षांत माझ्या दुकानातून तिने एक गोळी घेतली नव्हती. ती मला बघून न बघितल्यासारखं करत सरळ बसली.

टेबलावर मशीन घेऊन प्राची. काकी समोरच्या स्टुलावर बसली, बाही सारली, हात टेबलावर ठेवला आणि तोंड भिंतीकडे केलं. भिंतीवर हात धुवायचं चित्र होतं.

"नाव सांगा," प्राची म्हणाली. दवाखान्यातल्या मराठीत.

"माहीत नसेल तर लिहू नका," काकी म्हणाली. तिने तसली मराठी घरात कधी वापरल्याचं मला आठवत नाही.

"वय?"

"तुमच्या आईला विचारा."

प्राचीने वर बघितलं नाही. दंडाला पट्टा गुंडाळला. "हात सैल सोडा."

"सैलच आहे."

"नाही. मूठ उघडा."

काकीने मूठ उघडली. मशीन घुरघुरायला लागलं. त्या मशीनला नाडी धरावी लागत नाही, ते स्वतःच सगळं मोजतं. पण प्राचीने तिचं मनगट धरलं होतं आणि पट्टा सैल झाला तरी सोडलं नाही. काकीचं तोंड भिंतीकडेच होतं. मशीन थांबलं. मी मागेच उभा होतो, आकडे मला स्पष्ट दिसले. एखाद्या तरण्याताठ्या माणसाला असावं तसं प्रेशर होतं. माझ्याहून कितीतरी बरं.

"वाढलंय," प्राची म्हणाली. "दर सोमवारी दाखवायला यावं लागेल."

मी चुकून तोंड उघडलं आणि मिटलं. काकीने मान वळवली. आधी मशीनवरचे आकडे बघितले. ते तिला वाचता येत होते, नजर तिची घारीसारखी होती. आयुष्यात कोणाचं एक वाक्य तिने वाद घातल्याशिवाय सोडलेलं मी ऐकलं नव्हतं. मग तिने मुलीकडे बघितलं.  मनगट अजून प्राचीच्या हातातच होतं.

"येतंय," ती म्हणाली.